माझा चिंध्यांचा संसार

"तुम्हांला एवढा वेळ मिळतो तरी कसा हो?" हा प्रश्न मला वर्षातून निदान पंचवीस वेळा ऐकावा लागतो. विचारणारी बाई बहुधा भली असते, आणि तिच्या विचारण्यात कौतुक असते हेही मला कळते. पण त्या कौतुकाच्या पदराआड एक शंका हळूच उभी असते. शाळा, घर, सासूबाई, मुलगी, त्यावर पुन्हा कादंबऱ्या; आणि इतके सगळे करून ही बाई भिंतीवर टांगायच्या गोधड्या शिवते! तेव्हा ह्यांतले काहीतरी नक्कीच धड होत नसले पाहिजे. आमटीत मीठ तरी नसेल, नाहीतर मुलांच्या वह्या तरी तशाच पडून असतील.

मी हसून वेळ मारून नेते. खरे उत्तर लांबलचक आहे, आणि भाजीच्या पिशव्या घेऊन भर रस्त्यात उभ्या असलेल्या बाईला लांबलचक उत्तर नको असते. दिवाळी अंकाच्या वाचकाची गोष्ट वेगळी. त्याच्या पुढ्यात फराळाचे ताट असते आणि पाठीला लोड असतो. त्याला सांगायला हरकत नाही.

माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंत. हल्ली त्याला दहावी म्हणतात. पण आमच्या घरात आजोबांनी 'मॅट्रिक' म्हटले, म्हणून आम्ही सगळी मॅट्रिकच झालो. वाईतल्या एका खाजगी शाळेत मी लहान वर्गांना शिवण, कागदकाम, मातीकाम शिकवते. वेळापत्रकात त्याला 'कार्यानुभव' असे भारदस्त नाव आहे. मराठीचे मास्तर रजेवर गेले की मराठीचे तासही माझ्याच गळ्यात येतात, आणि मास्तरांची प्रकृती नाजूक आहे. चार कादंबऱ्या छापून झाल्या आहेत. त्यांच्यावर पोट चालत नाही, हे मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको.

गोधडी मात्र मी कुठल्या वर्गात शिकले नाही. माझे माहेर माण तालुक्यातले. दिवसा ऊन भाजून काढते आणि माघातल्या रात्री दात वाजतात, असा तो मुलूख. तिकडे गोधडीला वाकळ म्हणतात. उन्हाळ्यात, शेतात काम नसे तेव्हा, आई जुनी लुगडी धुऊन कडक वाळवी आणि सारवलेल्या ओसरीवर पसरी. खाली एक सबंध लुगडे, वर एक सबंध लुगडे, आणि मधे पोटात घरातले सगळे जीर्ण कापड: वडिलांची धोतरे, आमचे परकर, बाळंतपणातली दुपटी. कडा वाऱ्याने उलटू नयेत म्हणून एका कोपऱ्यावर पाटा, दुसऱ्यावर वरवंटा, उरलेल्या दोहोंवर अंगणातले धोंडे. मग शेजारच्या बायका चारी बाजूंनी बसत आणि काठापासून आतआत शिवत येत. धावदोरा घालायचा, आणि ओळीत नि ओळीत एक बोटाचे अंतर ठेवायचे. नऊवारी लुगडे म्हणजे सत्तावीस फूट कापड. त्याच्या चार घड्या केल्या की माणसाच्या उंचीला पुरेशी लांबी निघते. माझी समजूत अशी आहे की आमच्या आज्यापणज्यांनी लुगडे नेसतानाच त्याची वाकळ मनात घडी घालून ठेवलेली असे.

हिशेबाची मला पहिल्यापासून खोड आहे. सहा फूट लांब आणि चार फूट रुंद अशी साधी गोधडी धरा. बोटाबोटावर ओळी घातल्या तर ६४ ओळी होतात. इंचाला तीन टाके ह्या मापाने एका ओळीत २१६ टाके, म्हणजे सगळ्या गोधडीत १३ हजार ८०० च्या वर. दोरा चारशे फुटांना कमी लागत नाही. माझ्या हाताला एका ओळीला अर्धा तास लागतो. म्हणजे सगळे मिळून बत्तीस तास झाले. बत्तीस तास असे सांगितले की लोक घाबरतात, आणि चौसष्ट अर्धे तास म्हटले की त्यांना ते जमण्यासारखे वाटते. माझ्या वेळेचे सगळे रहस्य, असलेच तर, ह्या दोन आकड्यांत आहे.

कारण गोधडीला अखंड वेळ लागत नाही. तिला उरलेसुरले चालते. कादंबरीचे तसे नाही. तिला सबंध थान लागते. सलग तीन तास हाती असल्याशिवाय मला एक प्रकरण सुरू करता येत नाही. आणि सुरू केल्यावर दाराची कडी वाजली की माझी नायिका जी उंबऱ्यावर थबकते ती चारचार दिवस आत यायला तयार नसते. गोधडीचा टाका अर्धवट सोडून दूध उतरवायला जावे, परत येऊन सुई उचलावी. ती जिथे टोचून ठेवली तिथेच असते. माझ्या पिशवीत नेहमी वीतभर लांबीरुंदीचे चारदोन तुकडे, रीळ, कात्री आणि अंगुस्तान असते. एस.टी. स्टँडवर, दवाखान्याच्या बाकावर, शाळेतल्या रिकाम्या तासाला मी त्यांतला एक काढते. स्टँडावर सुई चालवणारी बाई दिसली की शेजारच्या बायका आपोआप सरकून जवळ येतात, हा एक वरचा लाभ. माझ्या तिसऱ्या कादंबरीतली दोन माणसे मला अशीच मिळाली.

अर्थात हे झाले हाताचे काम. चित्राची गोधडी म्हटली की डोक्याचे काम येते, आणि ते काही स्टँडवर होत नाही. सगळे तुकडे जमिनीवर मांडून खुर्चीवर उभे राहून पाहावे लागते. हा निळा त्या निळ्याशेजारी मरतो आहे, तो उचलून तिकडे. हा डाळिंबी फार बोलतो आहे, त्याला अर्धा झाकला पाहिजे. ह्यासाठी मला रिकामी खोली आणि दोन तास लागतात. ते मिळतात रविवारी संध्याकाळी, आमचे 'हे' सासूबाईंना कीर्तनाला घेऊन जातात तेव्हा. बुवा रंगात येऊन लांबले तर मला फार आनंद होतो.

पहाटे चारला उठून आठापर्यंत सगळ्या जगाचे काम उरकणाऱ्या बायकांविषयी मी पुष्कळ वाचले आहे. मला त्या खऱ्या वाटत नाहीत. मी पावणेसहाला उठते आणि त्यातही कुरकुरते. राहून काय जाते म्हणाल तर पुष्कळ राहते. आमच्या चकल्या बचत गटाच्या बायका करतात आणि त्या माझ्यापेक्षा चांगल्या करतात. लांबच्या लग्नांना मी जात नाही. माळ्यावर काय आहे हे मला ठाऊक नाही. ह्याचे मला वाईट वाटावे अशी काहींची अपेक्षा असते. पण माळ्यावर काय आहे हे ठाऊक असलेल्या माझ्या जावेला तरी त्याचा काय उपयोग झाला, हे मला अजून कळलेले नाही.

माझी पहिली चित्राची गोधडी कृष्णेच्या घाटाची होती. पायऱ्यांना मांजरपाट, पाण्याला फिक्या निळ्या धोतरकाठाच्या पट्ट्या, रात्रीच्या आभाळाला सासूबाईंची विरलेली चंद्रकळा. ती त्यांनीच दिली. त्यांचे वय आता ब्याऐंशी. तरुणपणी त्यांनी घरादाराच्या गोधड्या शिवल्या. आता सुईत दोरा ओवता येत नाही. काम मांडले की त्या पलंगावरून पाहत असतात आणि मते देतात. घाट पूर्ण झाला तेव्हा त्यांनी बराच वेळ पाहिले आणि विचारले, "ही पांघरायची कुणी?"

"पांघरायची नाही, आई. भिंतीवर लावायची."

"मग ही गोधडी कशी? फोटोच की हा."

ह्या प्रश्नाचे चांगले उत्तर मला आजतागायत सुचलेले नाही, आणि चित्रकलेचे शिक्षण घेतलेल्या माणसांनी दिलेली उत्तरे सासूबाईंना ऐकवण्यासारखी नाहीत. मी एवढेच करते की गोधडी भिंतीसाठी असली तरी तिच्या पोटात पुरते थर घालते आणि टाके आरपार नेते. नुसते वरवरचे चिकटवलेले चित्र मला करवत नाही. आणि कापड जुनेच घेते. जुने सूत मऊ झालेले असते, त्यातून सुई वाद घालत नाही. नवे कापड धुतल्यावर आटते आणि शेजारच्या तुकड्याला ओढून सुरकुत्या पाडते. नायलॉनच्या साड्यांबद्दल तर बोलायलाच नको. गंमत अशी की जुन्या कापडात चुकलेला टाका उसवला तर एका धुण्यात भोके मिटून जातात; नव्या कापडात ती राहतात.

चिंध्या जोडण्याचा हा उद्योग काही माझ्यापासून सुरू झालेला नाही. बौद्ध भिक्षूंचे चीवर मगधातल्या भातखाचरांसारखे तुकडे जोडून शिवावे, असे विनयपिटकात सांगितले आहे. गाडगेबाबांना (१८७६-१९५६) लोक 'गोधडेबुवा' म्हणत ते त्यांच्या अंगावरच्या ठिगळांच्या कपड्यांमुळेच. आपल्या शेजारी उत्तर कन्नड जिल्ह्यात, यल्लापूर-हल्याळच्या रानात सिद्दी लोक राहतात. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आलेले. त्यांच्या बायका 'कवंडी' शिवतात, तीही आपल्या वाकळीसारखीच काठाकडून मध्याकडे. शिवून झाल्यावर चारी कोपऱ्यांना त्रिकोणी घडीचे छोटे तुकडे लावतात. त्यांना 'फुला' म्हणतात. फुला नसतील तर कवंडी त्यांना उघडी, नागवी वाटते. पांघरणालाही अंगभर काही हवे, ही कल्पना मला फार आवडली. तेव्हापासून माझ्या प्रत्येक गोधडीला चार फुला असतात.

पण मला ज्या बाईची सर्वांत जास्त आठवण येते ती फार दूरची आहे. तिचे नाव हॅरिएट पॉवर्स. १८३७ साली अमेरिकेतल्या जॉर्जिया प्रांतात ती गुलाम म्हणून जन्मली. गुलामगिरी गेल्यावर ती आणि तिचा नवरा लहानशी शेती करू लागले. १८८६ साली अथेन्स नावाच्या गावी कापसाचा मेळा भरला, त्यात तिने एक गोधडी मांडली. अकरा चौकटींत बायबलातल्या गोष्टी, सगळ्या कापडाच्या तुकड्यांतून. जेनी स्मिथ ह्या चित्रकलेच्या शिक्षिकेने ती पाहिली, बाईला शोधून काढले आणि विकत मागितली. हॅरिएटने कोणत्याही किमतीला ती द्यायचे नाकारले. चारपाच वर्षांनी दिवस वाईट आले. तेव्हा ती बैलगाडीतून आली, पिठाच्या स्वच्छ पोत्यात गुंडाळलेली गोधडी मांडीवर घेऊन. तिने दहा डॉलर सांगितले. बाईंपाशी पाचच निघाले. नवऱ्याने घे म्हटले, आणि तिने ते घेतले. देण्यापूर्वी मात्र तिने एकेक चौकट समजावून सांगितली आणि बाईंनी ते लिहून घेतले. नंतर ती आपली गोधडी पाहायला कितीदातरी त्या घरी जाऊन आली. आज ती गोधडी वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे.

हे मी वाचले तेव्हा मला ती गोष्ट नुसती आवडली होती. ह्या श्रावणात ती माझ्या घरी आली.

आई गेली त्याला पाच वर्षे झाली. तिच्या ट्रंकेत अकरा लुगडी निघाली. आठ मी घेतली, तीन ताईने. मी त्यांतून आईचे शिवार करायचे ठरवले: इरकलीच्या हिरव्या अंगाची ज्वारी, डाळिंबी पदराचा नांगरलेला तुकडा, काठांचे बांध, आणि वर तिच्या रोजच्या धुवट लुगड्याचे पांढुरके आभाळ. ताईने हे ऐकले तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आले. "सबंध लुगड्याची वाकळ करशील असं वाटलं होतं. आईच्या लुगड्याला कात्री लावणार तू?" मी तिला सांगितले की आईने स्वतः जन्मभर आपली लुगडी फाडली. आमची दुपटी केली, टोपडी केली, चुलीवरचे भांडे उतरवायची फडकी केली. "ती फाडायची. तू कापतेस," ताई म्हणाली. ह्यावर बोलणे संपले, आणि पुढे सहासात महिने आमचे फोनही जेवढ्यास तेवढेच झाले. मी कापलीच. शिवाराला अडीच वर्षे लागली.

श्रावणात पुण्याच्या एका प्रदर्शनात ते मांडले होते. तिथे एका गृहस्थांनी ते पाहिले. नवे अतिथिगृह बांधत होते, त्याच्या दर्शनी भिंतीसाठी त्यांना ते हवे होते. त्यांनी पंचेचाळीस हजार रुपये सांगितले. माझ्या चारी कादंबऱ्यांनी मिळून मला एवढे दिलेले नाहीत. त्याच आठवड्यात मुलीला नाशिकला नर्सिंगला प्रवेश मिळाला होता. फी आणि वसतिगृह मिळून जो आकडा आला तो पाहून 'हे' रात्री दोनदा उठून पाणी प्यायले. मी विचारले तेव्हा ते म्हणाले, "तुझी वस्तू आहे, तू ठरव. मी पतपेढीत अर्ज टाकतो." माझ्या बाजूने बोलणाऱ्या माणसाचा एकेकदा किती राग येतो!

चार दिवस मी वर्गात घोटीव कागदाच्या पताका करून घेत होते आणि मनात शिवार विकत होते, परत घेत होते. पाचव्या दिवशी त्या गृहस्थांना होकार कळवला. ते रविवारी गाडी पाठवणार होते.

शनिवारी संध्याकाळी मी शिवार घडी करू लागले. बाहेर पावसाची झड लागली होती. सासूबाई पलंगावरून पाहत होत्या.

"दिलीस का?"

"दिली, आई."

"किती दिवसांनी नेणार?"

"उद्या सकाळी."

त्या थोडा वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "विकायची तर वीक. पण आजची रात्र मला पांघरू दे. कुणीच पांघरली नाही असं नको जायला तिनं."

मी घडी मोडून त्यांच्या अंगावर घातली. पायापासून खांद्यापर्यंत माणचे शिवार. हिरवी ज्वारी गुडघ्यांवर आली. एरवी पहाटे तीनपासून जाग्या असणाऱ्या सासूबाई त्या दिवशी सातपर्यंत निजल्या. मी चहा घेऊन गेले तर त्या जाग्या होत्या, पण उठल्या नव्हत्या. डोळे मिटून बोटे गोधडीवरून फिरवीत होत्या.

"जड आहे," त्या म्हणाल्या. "ऊब चांगली आहे. पण इथं, ह्या तिसऱ्या बांधापाशी, तुझा टाका घाईचा पडलाय. हातभर जागा. एवढी कसली घाई होती गं?"

मला ती जागा ठाऊक होती. गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात न्हाणीघरात घसरून त्यांच्या खुब्याचे हाड मोडले. सातारच्या रुग्णालयात शस्त्रक्रियेला आत नेले तेव्हा दाराबाहेर बसून मी तो बांध शिवला होता. "असेल काहीतरी," मी म्हटले, आणि त्यांच्या हातात कप दिला.

गाडी दहाला आली. मी शिवार धुवट चादरीत बांधून दिले. सोबत एका कागदावर लिहून दिले की वर्षातून दोनदा उन्हात घालावी, कडुनिंबाचा पाला सोबत ठेवावा, काचेत कोंडू नये. आणि कुठला तुकडा कशाचा, ज्वारी कुठली, विहीर कुठली, तेही. नेणाऱ्या मुलाने कागद वाचून मान हलवली. किती ध्यानात राहिले असेल कोण जाणे. अतिथिगृह महाबळेश्वरच्या वाटेवर आहे, वाईहून फार लांब नाही. मी अजून गेलेली नाही.

मुलीची फी भरली. ती जाऊन दोन महिने झाले. परवा तिचा फोन आला. दसऱ्यानंतरच तिकडे पहाटे गारठा पडू लागला आहे, आणि वसतिगृहातली घोंगडी खाजते. "आई, एक गोधडी पाठव ना. पण चित्राची नको हं, साधी पाठव. मला खरोखरच पांघरायचीय."

हे मी ताईला सांगितले. तिने फोनवर काही उत्तर दिले नाही. आठवड्याने स्वतःच आली, आणि तिच्या पिशवीत आईची तिन्ही लुगडी होती. कात्री तिने टेबलावरून उचलून कपाटावर ठेवून दिली.

आता माझ्या खोलीत जमिनीवर दोन सबंध लुगडी पसरली आहेत. तिसऱ्याचा मधे थर आहे. पाटावरवंटा आमच्याकडे नाही, म्हणून कोपऱ्यांवर माझ्या कादंबऱ्यांचे गठ्ठे ठेवले आहेत. तेवढ्या कामाला त्या पुरेशा जड आहेत. ताई त्या बाजूने शिवते, मी ह्या बाजूने. तिचा टाका माझ्यापेक्षा लांब आहे आणि ओळ जरा तिरपी येते. सासूबाईंनी ते पलंगावरून केव्हाच हेरले आहे. नव्या कादंबरीचे सातवे प्रकरण अर्धवट आहे, सहामाहीच्या हस्तकलेच्या वह्या कपाटात थप्पी लावून आहेत, आणि चकल्यांचे पैसे बचत गटाकडे आधीच पोचवले आहेत. भाऊबीजेपर्यंत चौसष्टांतल्या निदान चाळीस ओळी तरी व्हाव्यात, असा बेत आहे.